उपाशी तुकडा

तवनाप्पा मगदूम आमच्या घरी पहिल्यांदा आले ते तुळशीची माती मागायला.

बदली होऊन त्या गावात आम्हांला चारच दिवस झाले होते. भांडी अजून पोत्यात होती. आधीच्या गावाहून डब्यात घालून आणलेली तुळस तेवढी बायकोने अंगणात मांडली होती. दारात एक उंच, वाळका, साठीकडे झुकलेला माणूस उभा राहिला. डोक्याला रुमाल, अंगात बटणं गेलेला कोट आणि हातात पितळेची पळी.

"मास्तर, शेजारी हाय मी. तवनाप्पा. तुळशीतली पळीभर माती पायजे हुती."

काही औषधाला लागत असेल असं वाटून बायकोने ती हात जोडून दिली. दिवस मावळायच्या आत ते परत आले आणि कागदाची एक पुडी तिच्या हातात ठेवली. आत विटेच्या भुकटीसारखी तांबडी माती होती.

"घ्या वैनी, तुमची माती. जाळून बघितली. तोळ्याला अकरा गुंजा गेल्या. खाऊन-पिऊन लय सुखी हाय तुमची तुळस."

तुळशीची माती जाळली हे ऐकून बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी तिची माफी मागितली. जाळली त्यांनी होती, पण माझा स्वभावच असा आहे की कुणाच्याही हातून काही झालं तरी माफी मीच मागून मोकळा होतो. फक्त एकदा, जिथे खरोखर मागायला हवी होती तिथे, मी चार वर्षं गप्प बसलो. त्यासाठीच हे लिहितो आहे.

गाव कृष्णाकाठचं. सातारा जिल्ह्याचं शेवटचं टोक, आणि नदी ओलांडून थोडं गेलं की सांगली संस्थान. सगळं उसाचं रान. ऊस तुटून गेला की मागे राहणारा वाळका पाला, म्हणजे पाचट, सगळा गाव शेतातच पेटवून द्यायचा. तवनाप्पा, म्हणजे गावाचे आण्णा, एक तुकडा सोडला तर पेटवायचे नाहीत. ते पाचट मातीत मुरवायचे आणि घरी येऊन माती पेटवायचे. "गाव पाचट जाळतंय आन् आण्णा माती जाळतोय, सगळं सारखंच की," असं पारावर लोक म्हणायचे. आण्णांना ते ठाऊक होतं. ते एवढंच म्हणायचे, "वजन करूया की!"

कुठल्याही वादावर त्यांचा हाच निकाल. कुणाची म्हैस जास्त दूध देते, कुणाचा गूळ ओला, कुणाच्या पोरीचे पैंजण पोकळ, आण्णा कोटाच्या खिशातून लाकडी पेटी काढायचे. आत सोनाराचा काटा आणि वजनाच्या लाल गुंजा. म्हशीचा वाद सोनाराच्या काट्यावर कसा सुटणार, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सुटत न्हाई. पर काटा थरथरायचा थांबस्तवर माणसं गप बसत्यात."

तरुणपणी ते एका सरकारी शेतावर मातीच्या खोलीत कामाला होते. तिथल्या एका गोऱ्या साहेबाने त्यांना मातीचं वजन करायला शिकवलं होतं. रीत साधी होती. माती सावलीत वाळवायची, चाळायची, तोळाभर मोजून लोखंडी डबीत घालायची आणि डबी निखाऱ्यात लाल होईपर्यंत तापवायची. निवली की परत वजन. जेवढं कमी भरलं तेवढं मातीने खाल्लेलं होतं, म्हणजे पाला, मुळ्या, शेण, जे जे कुजून तिच्यात गेलं ते.

"सायेब त्येला कारबन म्हणायचा," आण्णा सांगायचे. "मी म्हंतो, मातीनं जेवल्यालं. माती जेवती आन् लपवून ठिवती, मास्तर. वरनं काय कळत न्हाई. जाळली की कबूल करती."

मला हे कधीच नीट समजलं नाही. जे उडून गेलं, जे आता तिथे नाहीच, ते मोजायचं, हे माझ्या डोक्यात बसायचं नाही. मी पाचवीला व्याजाची गणितं शिकवणारा माणूस. विचारलं, "आण्णा, पाणीसुद्धा उडून जात असेल ना त्यात?"

"जातंय की. पर समद्यांचं सारखंच जातंय. म्हणून शेजारी शेजारी बघायचं."

मी मान हलवली. न कळता मान हलवायची सवय मला शाळेत साहेब तपासणीला येतात त्यामुळे लागली असावी.

आण्णा जैन. माती जाळायची तर तिच्यातला जीव जाळता कामा नये. म्हणून जाळण्याआधी ते माती परातीत पसरून गोठ्याच्या उजेडात बसायचे आणि मोराच्या पिसाने एकेक मुंगी बाहेर काढायचे. गांडूळ निघालं तर ओंजळीत घेऊन, ज्या बांधावरून माती आणली त्याच बांधावर सोडून यायचे. एका तोळ्याला कधी कधी अख्खी सकाळ जायची. त्यांच्या घरात त्यांची विधवा बहीण होती, आक्का. त्या चुलीपाशी बसून म्हणायच्या, "मुंग्यास्नी इचारा त्यांचं घर कुठलं ते. उगं दुसऱ्याच्या घरात नगा सोडू." त्यावर आण्णा खरंच थोडा वेळ विचारात पडायचे.

चळवळीचे दिवस होते. म्हातारा गोठ्यात काळी पूड वजन करतो आणि भट्टीत घालतो, अशी बातमी कुणीतरी चौकीवर पोचवली. दोन शिपाई घेऊन जमादार आले तेव्हा मी तिथेच बसलो होतो. फळीवर ओळीने डबे, प्रत्येकात पूड. शिपाई दोन पावलं मागे सरले.

"ही कसली पूड?"

"माती."

"आणि जाळता कशाला?"

"कळाया."

"काय कळायला?"

"जेवली का न्हाई त्ये."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग आण्णांनी त्यांना पाट दिला आणि म्हणाले, "बसा सायेब, वजन करूया की!" मुंग्या काढण्यापासून सुरुवात झाली. दुपार टळली. शिपाई भट्टीचा भाता मारून घामेघूम झाले. डबी लाल झाली आणि काही उडालं नाही, याचीच जमादारांना निराशा झालेली दिसली. जाताना मात्र दारात घोटाळून ते हळूच म्हणाले, "शिराळ्याकडं आमचं थोडं रान आहे. पुढल्या खेपेला चिमूटभर घेऊन येऊ का?"

आता आण्णांच्या रानाबद्दल सांगतो.

घराच्या मागे आण्णांचा एक सपाट पट्टा होता. त्याचे त्यांनी तीन तुकडे पाडले होते. पहिल्यात पाचट मुरवून शेणखत घालायचे. दुसऱ्यात गावासारखं पाचट जाळून शेणखत घालायचे. तिसऱ्यात काहीच नाही. पाचटसुद्धा वेचून बाहेर. पहिले दोन तुकडे काळेभोर दिसायचे आणि तिसरा आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा पांढुरका. त्यातला ऊस बोरूएवढा.

गावात आल्याच्या पहिल्या वर्षी मी पाहिलं, खताच्या गाड्या आल्या, दोन तुकड्यांवर रित्या झाल्या आणि परत गेल्या. आण्णा तिसऱ्याच्या बांधावर उभे होते.

"आण्णा, हा राहिला का?"

"त्येला न्हाई द्यायचं," ते म्हणाले आणि तोंड फिरवून घराकडे गेले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. आक्कांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खताच्या दिशी उपास असतो त्येंचा. दरसाली. का म्हणून इचारू नगा, सांगत न्हाईत."

मी घरी येऊन बायकोला अर्थ सांगितला. म्हातारा मानी आहे. दोन तुकड्यांपुरतंच खत जमतं. तिसऱ्याला पुरत नाही याचं त्याला इतकं वाईट वाटतं की त्या दिवशी घास उतरत नाही. बायको म्हणाली, "विचारा तरी नीट." मला विचारायची लाज वाटली. मानी माणसाला गरिबी विचारायची कशी?

पुढच्या वर्षी ऊस निघाल्यावर आण्णा आणि आक्का यात्रेला गेले. जाताना म्हणाले, "मास्तर, रानाकडं नदर असू द्या." रान नांगरून पडलं होतं. दोन दिवसांनी जतकडचा एक धनगर शाळेच्या दारात आला.

"मास्तर, कुणाचं रान मोकळं हाय का? दीडशे मेंढरं हायती. दोन राती बसिवतो, चार पायल्या जोंधळं द्या."

आमच्या भागात शेतात मेंढरं बसवतात. रात्रभर कळप एका जागी बसला की लेंडी-मुतानं जमिनीला जे मिळतं ते चार गाड्या खतानं मिळत नाही. धनगरं येतात तेव्हा त्यांना आपल्या रानात न्यायला लोक भांडतात, आणि इथे ती आपणहून माझ्या दारात आली होती. मला वाटलं, देवच बुद्धी देतो आहे. माझ्या घरची ज्वारी दिली आणि कळप नेमका तिसऱ्या तुकड्यात बसवला. पहिल्या दोहोंत एक मेंढरू जाऊ नये म्हणून बांधावर स्वतः काटेरी फांद्या टाकल्या. इतका काळजीपूर्वक मी आयुष्यात दुसरा कुठलाच अपराध केलेला नाही.

आण्णा परत आले. मी दोनदा दाढी केली, कारण काय नि कसं सांगावं ते आरशात ठरवत होतो. ते स्वतःच संध्याकाळी आमच्या घरी पाटावर येऊन बसले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले,

"मास्तर, तुमी इचारलं हुतं न्हवं, तिसऱ्याला का देत न्हाई? आज सांगतो. त्यो उपाशी तुकडा हाय. सा वर्सं त्येच्या पोटात काय घातल्यालं न्हाई. त्यो उपाशी ऱ्हातो म्हणून बाकी दोघांनी किती खाल्लं त्ये कळतंय. सायेबानं मला सांगितलंय, तवनाप्पा, धा वर्सं असंच ठेव, मग मला लिव. मी छापून काढतो. आता चार ऱ्हायली."

आतून बायको कान देऊन ऐकत होती. तिच्या हातातलं भांडं पडलेलं मला ऐकू आलं.

"काय झालं?" आण्णा म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो. "चहा?"

"दिस बुडला की मास्तर," ते म्हणाले. सूर्यास्तानंतर ते पाणीसुद्धा घेत नसत, हे मला माहीत होतं.

सांगता आलं नाही म्हणून मी दुसरं काहीतरी केलं. पुढच्या रविवारी जाऊन म्हणालो, "आण्णा, मी वही लिहीत जाऊ का तुमची? भाताही मारतो." मग फळीवरची त्यांची मोडीतली जुनी वही त्यांनी मिटून वर सारली आणि एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली. लढाईमुळे कागद मिळत नव्हता. शाळेत मुलं पाटीवर लिहून पुसत होती. त्यांच्या जुन्या वहीत निम्मी पानं कोरी होती, ती त्यांनी मिटताना मला दिसली. तरी नवी वही का, हा प्रश्न मला पडला होता. पण मला त्या काळात इतके प्रश्न पडत की एकेक धरून बसणं शक्य नव्हतं.

चार वर्षं मी दर रविवारी गेलो. भाता मारला, मुंग्या काढल्या, आकडे लिहिले. आणि दर वेळी तिसऱ्या तुकड्याच्या डबीची पाळी आली की मी वहीत मान घालायचो. पहिल्याच उन्हाळ्यात उपाशी तुकडा गुंजभर जास्त खाऊन बसलेला निघाला.

"आं?" आण्णा काट्याकडे वाकले. "ह्यो कसा काय फुगला?"

"काटा हलला असेल," मी म्हणालो.

"व्हय व्हय. पुन्यांदा करूया की!"

पुन्हा तेच. मग त्यांनी गुंजा बदलल्या. काटा सांगलीच्या सोनाराकडे नेऊन तपासून आणला. एकदा चष्मा माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तुमीच बघा. माझ्या डोळ्यांचं काय खरं न्हाई." हा माणूस माझ्यामुळे स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतो आहे, हे पाहून मी घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "जाऊन सांगा." मी म्हणालो, "रविवारी सांगतो." ती म्हणाली, "कुठल्या?"

आणखी एक गोष्ट मला उमगली नाही. मेंढरं बसली त्या वर्षीपासून आण्णांनी खताच्या दिवसाचा उपास सोडला. त्या दिवशी त्यांनी मला जेवायलाच बोलावलं. आक्कांनी पोळ्या केल्या होत्या. मला वाटलं, म्हातारपण आलं, नेम सुटतो आहे, आणि त्याचंही ओझं मी माझ्याच खात्यावर घेतलं.

पुढे आक्का सांगलीला लेकीकडे राहायला गेल्या. आण्णा एकटेच हाताने भाकरी करायचे आणि ती काट्यावर मावत नाही म्हणून हळहळायचे. रविवारी मी गेलो की गोठ्यात दोन पाट आधीच मांडलेले असत.

मग दहा वर्षं भरली. देश स्वतंत्र झाला होता. जमादार साहेबांची बदली झाली होती. एका रविवारी आण्णा म्हणाले, "मास्तर, सायेबाला कागद लिवायचा आज. तुमचं अक्षर चांगलं हाय. घ्या लिवून."

मी दौत उघडली. ते डोळे मिटून सांगू लागले. रामराम, खुशाली, पाऊसपाणी. मग तुकड्यांची हकीकत. पहिला, दुसरा.

"तिसरा तुकडा. ह्येला धा वर्सं कसलंबी खत दिल्यालं न्हाई. लिवा."

टाकाची शाई कागदावर पडली. मोठा डाग पसरला.

"लिवा की."

"आण्णा," मी म्हणालो, "त्यात मेंढरं बसली होती. मी बसवली होती. तुम्ही यात्रेला गेला होता तेव्हा. मला वाटलं तुम्हांला खत पुरत नाही." आणि मग एकदम सगळं आलं. ज्वारी, काटेरी फांद्या, चहा, चष्मा. मी पन्नाशीकडे आलेला माणूस, आणि शाळेत चूक पकडलेल्या पोरासारखा नाक पुसत होतो.

आण्णांनी डोळे उघडले नाहीत. "वरच्या फळीवरली जुनी वही काढा," म्हणाले. "शेवटलं लिवल्यालं वाचा."

मी धूळ झटकली. मोडीत दोनच ओळी होत्या. त्या मी तीनदा वाचल्या. "उपाशी तुकड्यात मेंढरं बसली. मास्तरांनी माया केली. येथून पुढचे वजन साहेबाच्या कामाचे नाही."

"तुम्हांला माहीत होतं?"

"दीडशे मेंढरं काय खिशातनं आणली हुती व्हय तुमी? येशीतनं आत आलो तवाच चौघांनी सांगितलं. आन् रानात लेंड्या काय मी वळखत न्हाई?"

"मग रागावला का नाहीत?"

"रागावलो की. सा वर्सं गेली. दोन दिस आक्काशी बोललो न्हाई, तिचा काय दोष न्हवता तरी. सांगावं म्हणून तुमच्या घरी आलो. उपाशी तुकडा म्हंजे काय त्ये आधी सांगितलं. तर तुमी चहा इचारला. मग रानात जाऊन बसलो. त्यो तुकडा लेंड्या पांघरून निवांत पडला हुता. मी दरसाली त्येच्या नावानं एक दिस उपाशी ऱ्हायचो, मास्तर. त्येला उपाशी ठिवायचं आन् आपण जेवायचं, मला व्हईना. त्या साली म्हटलं, चला, त्यो जेवला, आता मी बी जेवतो."

माझ्या तोंडून जे आलं ते माझ्यासारखंच आलं. "मग ही चार वर्षं आपण दर रविवारी वजन कशाचं केलं?"

"मातीचं."

"पण कशासाठी? काटा तपासून आणलात, चष्मा दिलात..."

"तुमी भाता चांगला मारता," ते म्हणाले. मग बाहेर बघत, "तुमी सांगितलं असतं तर पुन्यांदा कशाला आला असता?"

"आणि हे पत्र?"

"सायेब गेला कवाच त्येच्या देशाला. जिता हाय का न्हाई त्ये बी ठावं न्हाई." त्यांनी काटा पेटीत ठेवला, झाकण लावलं. "म्हटलं, धा वर्सं भरली. आता तरी मास्तर बोलत्यात का बघू. माती बरी, मास्तर. घटकाभर तापवली की कबूल करती. तुमाला चार वर्सं लागली."

मी हसलो की रडलो, आठवत नाही. दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला, "मोकळं झाला न्हवं? बरं झालं. आता रविवारी काय तुमी येणार न्हाई."

मी वळून पाहिलं. ते दुसरा पाट उचलून भिंतीला लावत होते.

तो आठवडा मी गोंधळात काढला. माफी मिळाली होती की नाही, ते ठरत नव्हतं. गेलो तर अजून काय कबूल करायला आलो असं वाटेल, न गेलो तर त्यांचं बोलणं खरं ठरेल. रविवारी सकाळी मी चपला घालून अंगणात उभा होतो, आत यायलाही नको आणि बाहेर जायलाही नको. बायको पळी घेऊन आली. तुळशीपुढे बसली, हात जोडले, बुंध्याजवळची माती उकरली, मुंग्या आहेत का ते स्वतः निरखून पाहिलं आणि पळी माझ्या हातात दिली.

"आण्णांना म्हणावं, अकरा गुंजा गेल्या होत्या तेव्हा. आता किती ते बघा."

गोठ्यात भट्टी थंड होती. आण्णा एकाच पाटावर बसले होते. माझ्या हातातली पळी त्यांनी पाहिली, मग माती, मग मला. उठले आणि भिंतीचा पाट आणून मांडला.

"वजन करूया की," ते म्हणाले. मी भाता धरला.